वर्षेवाचून ऋतुचक्र

जॉन केज यांच्या ‘स्ट्रिंग क्वार्टेट इन फोर पार्ट्‌स’ (१९४९-५०) या चार तंतुवाद्यांच्या रचनेमागे भारतीय ऋतुकल्पना आहे, एवढे कळताच आपल्याकडील रसिक तीत रागसंगीत शोधू लागतो. केज यांना १९४६ मध्ये गीता साराभाईंकडून भारतीय संगीताचा परिचय झाला, हे खरे. परंतु कॉन्कॉर्ड क्वार्टेटची १९७३ सालची व्हॉक्स कंपनीची ध्वनिमुद्रिका ऐकता या अपेक्षेस आधार सापडत नाही. मल्हार ज्या ऋतूचा, ती वर्षाच येथे नाही. ग्रीष्म, शरद, शिशिर व वसंत हे चारच ऋतू. त्यांना अनुक्रमे स्थिती, संहार, शांती व निर्मिती हे अर्थ जोडलेले.

रचनेचे सामर्थ्य तिच्या तंत्रात आहे. आधीच ठरविलेले मोजके स्वरसमूह न बदलता पुनःपुन्हा येतात. वादक स्वराला कंप देत नाहीत. मींड नाही, गमकही नाही. तिसऱ्या भागातील शिशिराची निश्चलता या संयमातून जन्मते. तिला तत्त्वज्ञानाच्या टिपणाची गरज भासत नाही. कलाकृतीचे सौंदर्य तिच्या लयबद्ध घटनेत पाहावे, हा मर्ढेकरांचा आग्रह येथे उपयोगी पडतो. भारतीयत्वाचे श्रेय बाजूस ठेवून ऐकल्यास ही रचना अधिक मोठी वाटते.