कर्ता कोण?

वसाहतींची मुक्ती व महासत्तांची स्पर्धा हा विषय शिकविताना ‘काँगोला स्वातंत्र्य देण्यात आले’, ‘लुमुंबांची हत्या झाली’ अशी वाक्ये आपण सहज उच्चारतो. व्याकरणदृष्ट्या ती निर्दोष आहेत. इतिहासदृष्ट्या मात्र सदोष होत. पहिल्यात काँगोची जनता निव्वळ संप्रदान ठरते. जानेवारी १९५९ मधील लिओपोल्डव्हिलच्या उठावाने बेल्जियमला वाटाघाटींस भाग पाडले व ३० जून १९६० हा दिवस उगवला, हे त्यात लोपते. भारताविषयी असे वाक्य आपण खपवून घेऊ काय?

दुसऱ्यात कर्ताच नाही. १७ जानेवारी १९६१ रोजी कटांगात लुमुंबांना गोळ्या घालण्यात आल्या, तेव्हा बेल्जियन अधिकारी तेथे उपस्थित होते. अमेरिकी गुप्तहेर खात्याने त्यांच्यावर विषप्रयोगाची योजना आखली होती, हे १९७५ मध्ये अमेरिकी सेनेटच्याच समितीने उघड केले.

मात्र सारे कर्तृत्व वॉशिंग्टन व मॉस्को यांच्या पदरी घालणे हाही दोषच होय. कासावुबू, चोंबे, मोबुटू ही केवळ प्यादी नव्हती; त्यांचे हेतू त्यांचे स्वतःचे होते.

म्हणून उत्तरपत्रिका तपासताना सनावळीआधी प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधावा. तो विद्यार्थ्यास सापडत नसेल, तर दोष प्रथम आपल्या व्याख्यानाचा मानावा.