ठेवा कोणी ठेवला?

अमेरिकेतील जुने कृष्णधवल दूरदर्शन कार्यक्रम घरी पाहण्यासाठी डीव्हीडीवर निघाले की समीक्षक त्याला 'ठेवा' म्हणतात. तो ठेवला कोणी, हे विचारीत नाहीत.

१९५० साली ड्यूमाँट वाहिनीवर हेझेल स्कॉट ही काळी पियानोवादक स्वतःच्या नावाचा कार्यक्रम करीत होती. मोलकरणीचे सोंग नव्हे, पियानो! सप्टेंबरात कम्युनिस्ट हुडकणाऱ्या संसदीय समितीपुढे तिने ताठ मानेने साक्ष दिली. आठवड्याभरात कार्यक्रम बंद. त्याचा एकही भाग आज सापडत नाही. (माझ्या आजोबांचा आंबेडकरी जलसाही आता आईच्या तोंडीच उरला आहे. घरात लिहू लागलेला पहिला मी, आणि मला उशीर झाला.)

'एमॉस अँड अँडी' (१९५१-५३) मात्र टिकली. काळ्यांना लबाड आणि बावळट रंगवणारी ही मालिका फिल्मवर चित्रित झाली होती; फिल्म पुन्हा पुन्हा विकता येते. 'एनएएसीपी' या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने १९५१ मध्येच निषेध केला. सीबीएसने वितरण थांबवले ते १९६६ मध्ये. पुढे चोरट्या कॅसेटी फिरल्याच.

मग ती जाळावी काय? मला तसे वाटत नाही. टिम मूर, स्पेन्सर विल्यम्स हे पट्टीचे काळे नट तिच्यात आहेत. विनोद त्यांचा, अपमानही त्यांचाच. मालिका उघडपणे काढावी, आणि १९५१ चा तो निषेध त्याच डबीत घालावा.