घंटा, लाळ आणि एक न विचारलेला प्रश्न

डी.एड. किंवा बी.एड. झालेल्या प्रत्येक शिक्षकाने एक आकृती कधी ना कधी वहीत काढलेली असते. लाकडी चौकटीत एक कुत्रा उभा आहे, त्याच्या अंगाभोवती पट्टे आहेत, गालाला लावलेली नळी एका भांड्यात गेली आहे आणि कोपऱ्यात एक घंटा टांगली आहे. खाली लिहायचे : घंटा वाजली, अन्न मिळाले, लाळ सुटली, पुढे नुसती घंटा वाजली तरी लाळ सुटली. अभिजात अभिसंधान. गुण पाच.

या आकृतीविषयी एक साधा प्रश्न आम्हांला कोणी विचारला नव्हता, आणि खरे सांगायचे तर आम्हीही कोणाला विचारला नव्हता. तो कुत्रा तिथे इतका शांत उभा कसा राहिला?

प्रश्न सुचला तो देहूरोडला. २८ सप्टेंबर हा लुई पाश्चरचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात. त्या सुमाराला देहूरोड स्टेशनजवळच्या एका वसाहतीच्या मैदानावर कुत्र्यांना रेबीजची लस टोचण्याचे शिबिर होते. मुलांशी रेबीजवर बोलायला म्हणून आम्हांला बोलावले होते. बोलणे बरे झाले. टोचणे मात्र बरे झाले नाही. टेबलापाशी एक कुत्रे किंचाळले की रांगेतली बाकीची दोरी ताणू लागत. दोघांनी दाबून धरायचे, तिसऱ्याने सुई मारायची, असा क्रम चालला होता. नववीतल्या एका मुलाने आपला वाघ्या आणला होता. टेबल दहा पावलांवर असतानाच वाघ्याने मागच्या मागे मान सोडवली, गळपट्टा मुलाच्या हातात राहिला आणि कुत्रा रेल्वेरुळांच्या दिशेने दिसेनासा झाला. तो संध्याकाळी घरी आला, पण लस न घेता. मुलाबरोबर आलेल्या बाई आम्हांला म्हणाल्या, "सर, आम्ही वर्गात पावलॉव्ह शिकवतो. त्याचा इथे काही उपयोग?"

आम्ही जीवरसायनशास्त्राचे विद्यार्थी, कुत्र्यांच्या वर्तनाचे तज्ज्ञ नव्हे. पण बाईंच्या प्रश्नाने आम्ही मूळ पुस्तक पुन्हा उघडले. पेट्रोग्राडच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत पावलॉव्हने १९२४ साली दिलेली ही २३ व्याख्याने आहेत. त्यांचा अँरेपने केलेला इंग्रजी अनुवाद १९२७ मध्ये ऑक्सफर्डने छापला. अभिसंधित प्रतिक्षिप्त क्रियांवरचे हे पुस्तक आपल्याकडे सतत उल्लेखिले जाते आणि फारसे वाचले जात नाही. वाचले असते तर ती आकृती आपण इतकी वर्षे तशीच काढत राहिलो नसतो.

आधी घंटेचे पाहू. पुस्तकात घंटा येते, पण मानाचे पान तिचे नाही. तिथे खरे काम करतात ते मेट्रोनोमचे ठोके, बझर, शिट्या, दिव्याचा प्रकाश आणि कातडीला होणारा स्पर्श. दुसऱ्या व्याख्यानातला पहिला नमुनाच मेट्रोनोमचा आहे : ठोके सुरू झाल्यावर नवव्या सेकंदाला लाळ सुटू लागते आणि ४५ सेकंदांत अकरा थेंब पडतात. हा तपशील आम्हांला मोलाचा वाटतो. पावलॉव्ह 'लाळ सुटली' असे म्हणून थांबत नाही, तो थेंब मोजतो. (त्याचे १९०४चे नोबेल पारितोषिक या कामाला नव्हते, पचनक्रियेवरच्या संशोधनाला होते. आमच्या पाहण्यातल्या निम्म्या प्रश्नसंचांत ही चूक आहे.)

आता आमच्या प्रश्नाचे उत्तर. ते पहिल्याच व्याख्यानात आहे. पावलॉव्हकडे एक अतिशय माणसाळलेला कुत्रा होता. चौकटीत उभा राहायला त्याची सुरुवातीला हरकत नव्हती. पण दिवस जात तसा तो अस्वस्थ होऊ लागला, धडपडू लागला, कारण नसताना लाळ गाळू लागला. बराच काळ कोणाला उलगडा होईना. शेवटी लक्षात आले की त्याला बांधून घेणेच सहन होत नाही. पावलॉव्हने याला 'स्वातंत्र्याची प्रतिक्षिप्त क्रिया' असे नाव दिले. उपाय काय केला? त्याला अन्न फक्त त्या चौकटीतच द्यायचे, दुसरीकडे कुठेही नाही. कुत्रा आधी फार थोडे खाई, तो वाळत गेला. मग हळूहळू पुरते खाऊ लागला आणि त्याबरोबर शांतही झाला.

म्हणजे वहीतला तो निमूट कुत्रा मुळात निमूट नव्हता. त्याला तसे केलेले होते. प्रयोगाच्या आधीचा हा प्रयोग आपण विद्यार्थ्यांना सांगतच नाही, आणि वाघ्याला ज्याची गरज होती तो नेमका हाच. बांधले जाणे ही गोष्ट अन्नाशी जोडली की तिचा अर्थ बदलतो. मात्र पावलॉव्हच्या पद्धतीची किंमतही सांगितली पाहिजे : कुत्र्याला उपाशी ठेवून ते साधले होते. तशी गरज नसते, हे त्याच वर्षी, १९२४ मध्ये, अमेरिकेत मेरी कव्हर जोन्सने दाखवले. पीटर नावाचा लहान मुलगा सशाला घाबरे. तो आवडीचे खात असताना ससा खोलीच्या दूरच्या टोकाला आणायचा, मुलगा रडणार नाही इतक्याच अंतरावर, आणि रोज थोडा जवळ. अखेर तो एका हाताने सशाला कुरवाळू लागला. कोणाला उपाशी ठेवले नाही, दाबून धरले नाही. जोन्सच्या या छोट्या शोधनिबंधाला आम्ही पावलॉव्हच्या शेजारची जागा देऊ.

पुस्तकातला सर्वांत धाडसी प्रयोग तिसऱ्या व्याख्यानात आहे. पावलॉव्हची सहकारी एरोफीव्हा हिने कुत्र्याच्या कातडीला विजेचा वेदनादायक झटका हाच अन्नाचा संकेत बनवला. काही काळाने झटका बसला की कुत्रा ओरडण्याऐवजी अन्नाच्या दिशेने तोंड वळवी, ओठ चाटी, लाळ गाळी. नाडी आणि श्वासही बदलत नसत. पण ज्या ठिकाणी कातडीखाली लगेच हाड आहे तिथे झटका दिला तर हे जमले नाही. तिथे बचावाची क्रियाच वरचढ ठरली. हे अपयश पावलॉव्हने लपवले नाही, आणि वाचकाने ते विसरू नये. सुईची टोच अन्नाने पुसता येते. कानात पू झालेल्या किंवा पाय मोडलेल्या कुत्र्याला बिस्किट दाखवून भागत नाही. तिथे वेदनाशामक हवे, भूलही लागते, आणि तो निर्णय पशुवैद्यकाचा. घरातली माणसाची झोपेची गोळी देण्याचा उद्योग कोणी करू नये.

क्रमाविषयीचा भाग तर प्रत्येक कुत्रे पाळणाऱ्याने वाचावा. क्रेस्टोव्हनिकोव्हने कुत्र्याच्या तोंडात आधी आम्ल घातले आणि काही सेकंदांनी व्हॅनिलाचा वास दिला. चारशेहून अधिक वेळा हे करूनही त्या वासाने लाळ सुटेना. दुसरा एक वास आम्लाच्या आधी दिला, तेव्हा वीसएक वेळांत काम झाले. संकेत आधी, घटना नंतर. आपण घरी काय करतो? बिस्किट दाखवून कुत्र्याला बोलावतो आणि आला की नखे कापतो, गोचीड उपटतो, नाहीतर बादलीत उभा करतो. म्हणजे बिस्किट हा संकेत झाला आणि नखे ही घटना. चार दिवसांत कुत्रा बिस्किट पाहून पलंगाखाली जातो आणि आपण म्हणतो, फार लबाड आहे. लबाड नाही, तो धडा बरोबर शिकला आहे. आधी नखे कापायची कात्री दिसावी, मग उकडलेल्या अंड्याचा तुकडा मिळावा. कात्री गेली की अंडेही गेले. पुढच्या पायरीला कात्रीचा नुसता स्पर्श, त्यानंतर अंडे. नख कापणे कितीतरी नंतर.

पुस्तकाचा दोषही इथेच सांगतो. पावलॉव्हला कुत्र्याची लाळ दिसते, कुत्र्याचा चेहरा फारसा दिसत नाही. मनातल्या गोष्टींची भाषा त्याने विज्ञानातून कटाक्षाने वगळली. त्या काळी ती शिस्त आवश्यक असेल, पण त्यामुळे भीतीची बारीक लक्षणे निसटली. ती पाहायला त्याआधी अर्धे शतक मागे, डार्विनच्या १८७२च्या भावनांच्या आविष्कारावरील पुस्तकाकडे जावे लागते. तिथे रागावलेला कुत्रा आणि लाडात आलेला कुत्रा यांची चित्रे शेजारी शेजारी आहेत. आज आपण त्यात भर घालू शकतो : काही न खाता ओठ चाटणे, झोप नसता जांभई, मान वळवून डोळ्यांच्या कडेचे पांढरे दाखवणे, शेपूट पोटाखाली घेणे. आणि सर्वांत फसवे लक्षण म्हणजे जागच्या जागी गोठणे. "बघा, किती शहाणा आहे, हलतसुद्धा नाही" असे मालक कौतुकाने सांगतो, तेव्हा पुष्कळदा कुत्रा भीतीने गोठलेला असतो आणि पुढची पायरी चावण्याची असते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या एका अभ्यासात दवाखान्याच्या टेबलावरच्या १३५ कुत्र्यांपैकी १०६ कुत्र्यांत भीतीची चिन्हे नोंदली गेली. वाघ्या अपवाद नव्हता.

भीती एकदा बसली की किती चिवट असते, हे पावलॉव्हला एका दुर्घटनेने शिकवले. २३ सप्टेंबर १९२४ रोजी लेनिनग्राडमध्ये महापूर आला. पिंजऱ्यांत पाणी चढले आणि कुत्र्यांना पाण्यातून पोहत बाहेर काढावे लागले. नंतर काही कुत्र्यांच्या पक्क्या झालेल्या अभिसंधित क्रिया पार विस्कटल्या. बऱ्याच दिवसांनी एक कुत्रा सावरला, आणि मग दाराखालून खोलीत पाण्याची बारीक धार सोडताच पुन्हा पहिल्यासारखा ढासळला. एखाद्या शिबिरात चार जणांनी दाबून धरलेल्या कुत्र्याला पुढच्या वर्षी पांढरा कोट ही ती पाण्याची धार असते. या वर्षीची लस कशीबशी टोचली जाते, पुढच्या वर्षीची अडते.

हा हिशेब निव्वळ भूतदयेचा नाही. रेबीज आटोक्यात ठेवायला सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळालेली असावी लागते, आणि ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. गोव्यात २०१३ पासून कुत्र्यांचे लसीकरण, शाळांतून शिक्षण आणि रोगाची नोंद असे तिन्ही एकत्र चालवले गेले, आणि २०१९ पर्यंत कुत्र्यांतल्या रेबीजच्या मासिक नोंदी ९२ टक्क्यांनी घटल्या. त्या कामात भटक्या कुत्र्यांना जाळीने पकडावे लागले, त्याला इलाज नव्हता. पण घरच्या, दारातल्या कुत्र्याला जाळी लागू नये, तो दोरीवर चालत यावा, हे आपल्या हातातले आहे.

एक गैरसमज वर्गात हमखास निघतो : घाबरलेल्या कुत्र्याला गोंजारले तर त्याची भीती वाढते, कारण आपण तिला बक्षीस देतो. इथे स्किनर आणि पावलॉव्ह यांची सरमिसळ झाली आहे. बक्षिसाने वाढते ती हेतुपूर्वक केलेली कृती. भीती ही कृती नव्हे, ती अवस्था आहे. फ्रान्समधल्या २०१७च्या एका अभ्यासात तपासणी चालू असताना मालकाने कुत्र्याशी बोलले, त्याला थोपटले, तेव्हा हृदयाचे ठोके कमी राहिले. आपली मुले हे न वाचताच करतात, त्यांना अडवू नये.

बाईंना आम्ही हे सगळे पत्राने कळवले. त्यांनी ते वर्गात वाचून दाखवले आणि वाघ्याच्या मालकाला एक वही दिली. दोन अटी घातल्या : हे फक्त आपल्या घरच्या कुत्र्यावर आणि घरातले मोठे माणूस सोबत असतानाच करायचे, आणि दात लागले, ओरखडा जरी आला, तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवून त्याच दिवशी दवाखान्यात जायचे. वही पुढे आमच्याकडे आली. तारीख, काय दाखवले, किती अंतरावरून, वाघ्याने काय केले, असे चार रकाने. पहिल्या आठवड्यात नुसती मानेची कातडी चिमटीत धरणे आणि लगेच अंडे. आठव्या दिवशी 'घाई केली, गुरगुरला, पुन्हा दोन पायऱ्या मागे' अशी नोंद आहे. तिच्याखाली दुसऱ्या शाईत बाईंनी 'हे बरे लिहिलेस' असे लिहिले आहे. मग सुई नसलेली प्लॅस्टिकची सिरिंज, आधी जमिनीवर, मग हातात. मुसक्याचीही तीच गत : आधी मुसक्याच्या आत अंडे ठेवून वाघ्याने स्वतः तोंड घालायचे, बक्कल फार उशिरा. तोंड चिंधीने करकचून बांधायचे नाही, कारण कुत्र्याला धापा टाकूनच अंग थंड ठेवावे लागते.

डिसेंबरात पशुवैद्यक घरी आले. पांढरा कोट त्यांनी मोटारसायकलवर ठेवला होता, हे मुलाने मुद्दाम लिहिले आहे. वाघ्या उंबऱ्यापाशी उभा होता, ताटलीतले दही चाटत होता. नोंद अशी : 'सुई टोचली तेव्हा चाटणे थांबले. मी मनात मोजले, चार आकडे. मग परत चाटू लागला.' गोचिडांचे अजून जमलेले नाही. कानातले काढू देतो, बोटांमधले नाही. त्यासाठी मुलाने वहीत नवे पान घातले आहे.