‘शेव्हरॉन’ तत्त्वाचा अंत : कायद्याचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २०२४ रोजी ‘लोपर ब्राइट एंटरप्रायझेस विरुद्ध रायमोंडो’ या प्रकरणात सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्यासह सहा न्यायमूर्तींच्या बहुमताने १९८४ चे ‘शेव्हरॉन’ तत्त्व रद्द ठरविले. कायद्यातील तरतूद संदिग्ध असेल आणि प्रशासकीय यंत्रणेने लावलेला अर्थ वाजवी असेल, तर न्यायालयाने तो स्वीकारावा, असे हे तत्त्व होते. प्रस्तुत लेखात या निकालाचे चिकित्सक परीक्षण केले आहे.

वादाचा विषय लहान होता. हेरिंग मासे पकडणाऱ्या नौकांवरील निरीक्षकांचा खर्च नौकामालकांनी सोसावा, असा नियम यंत्रणेने केला. १९७६ चा मत्स्यव्यवसायविषयक कायदा मात्र या खर्चाबाबत मौन बाळगून होता. न्यायालयाने १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याचा आधार घेऊन कायद्याचा अर्थ न्यायालयानेच स्वतंत्रपणे ठरवावा, असा निर्णय दिला.

या भूमिकेत तथ्य आहे. ‘शेव्हरॉन’मुळे कायदा तोच राहूनही सत्तांतराबरोबर त्याचा अर्थ बदलत असे. इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांवरील समान वागणुकीचे नियम २०१५ मध्ये आले, २०१७ मध्ये रद्द करण्याचे ठरले आणि २०२४ मध्ये पुन्हा आणले गेले. जानेवारी २०२५ मध्ये सहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने ‘लोपर ब्राइट’च्या आधारे ते रद्द केले. नागरिकाला कायद्याची निश्चिती हवी असते, हे नाकारता येत नाही.

तथापि निकालाचा कच्चा दुवा येथेच आहे. संदिग्धतेचा प्रत्येक प्रश्न निव्वळ कायद्याचा नसतो. एखादा रासायनिक पदार्थ ‘प्रथिन’ या संज्ञेत बसतो काय, असा प्रश्न न्यायमूर्ती एलेना केगन यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात उदाहरणादाखल घेतला आहे. त्याचे उत्तर शब्दकोशात नव्हे, तर विज्ञानात व धोरणात शोधावे लागते. संसदेने यंत्रणेला स्वेच्छाधिकार दिला असेल तर त्याचा मान राखावा, हे बहुमतालाही मान्य आहे. परंतु असा अधिकार केव्हा दिला गेला असे समजावे, याची स्पष्ट सीमारेषा निकालात आढळत नाही.

‘शेव्हरॉन’ हे नियंत्रणवाद्यांचे हत्यार होते, हा समजही इतिहासाला धरून नाही. १९८४ च्या निकालाने रेगन प्रशासनाचा उद्योगांना सोयीचा नियम उचलून धरला होता आणि पराभव पर्यावरणवादी संघटनेचा झाला होता. तत्त्व तेच राहिले; त्याचा लाभ घेणारे बदलत गेले.

जुने ‘शेव्हरॉन’-आधारित निकाल कायम राहतील, अशी ग्वाही न्यायालयाने दिली. परंतु १ जुलै २०२४ च्या ‘कॉर्नर पोस्ट’ निकालानुसार नियमाला आव्हान देण्याची सहा वर्षांची मुदत वादीस हानी पोहोचल्यापासून मोजली जाते. त्यामुळे नव्याने स्थापन झालेली कंपनी दशकांपूर्वीच्या नियमालाही आव्हान देऊ शकते. परिणामी, निश्चितीसाठी दिलेल्या निकालातून नवी अनिश्चितता उद्भवते.

सारांश, या निकालाने अधिकार नाहीसा केला नाही. तो केवळ स्थलांतरित केला. यंत्रणेचे प्रमुख निवडणुकीच्या निकालाबरोबर बदलतात. आजीव नियुक्त न्यायाधीश मात्र मतदाराला उत्तरदायी नसतात. संसदेने कायदे अधिक स्पष्ट शब्दांत करणे हाच यावरील खरा उपाय होय. तो होईपर्यंत, तज्ज्ञतेचा प्रश्न कायद्याचा प्रश्न म्हणून सोडविण्याची जोखीम अमेरिकन न्यायव्यवस्थेने पत्करली आहे, असेच म्हणावे लागेल.