हरित वीजदर : प्रमाणपत्र एका वर्षाचे, प्रकल्प पंचवीस वर्षांचा

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने मार्च २०२१ च्या आदेशान्वये, आपली संपूर्ण वीज नवीकरणीय स्रोतांपासून मिळावी अशी इच्छा असणाऱ्या ग्राहकांसाठी नेहमीच्या दरावर प्रति युनिट ६६ पैसे अधिक असा हरित दर निश्चित केला. हा आदेश लघुदाब ग्राहकांनाही लागू होता. तथापि त्याचा खरा रोख पर्यावरणविषयक बांधिलकी जाहीर केलेल्या मोठ्या उद्योगांकडे होता. प्रस्तुत लेखात या धोरणाची चिकित्सा एकाच प्रश्नाच्या अनुषंगाने करावयाची आहे : या जादा पैशातून नवा प्रकल्प उभा राहतो काय?

तारेतून येणारी वीज कोळशाची की सूर्याची, हे वेगळे करता येत नाही. म्हणून ग्राहकाच्या हाती प्रत्यक्षात येते ते वर्षाअखेरचे प्रमाणपत्र. केंद्र शासनाच्या जून २०२२ च्या हरित ऊर्जा ओपन ॲक्सेस नियमांनी वितरण कंपनीकडे अशी वीज मागण्याचा हक्क ग्राहकास दिला व मागणीचे प्रमाण किमान एक वर्षासाठी आधी निश्चित करण्याची अट घातली. वितरण कंपनीचे सौर प्रकल्पांशी होणारे करार मात्र साधारणतः २५ वर्षांचे असतात. एका वर्षाच्या आश्वासनावर कोणतीही बँक प्रकल्पास कर्ज देणार नाही. परिणामी जी वीज कंपनीने आधीच खरेदी केलेली आहे, तिचीच वाटणी नव्याने होते.

याहून गंभीर बाब याच नियमांत आहे. स्वतःच्या नवीकरणीय खरेदी बंधनापेक्षा ग्राहकाने अधिक घेतलेली हरित वीज वितरण कंपनीच्या बंधनपूर्तीत धरण्याची तरतूद त्यांत करण्यात आली. म्हणजे जे कर्तव्य कंपनीने कायद्याने पार पाडावयाचे, त्याचेच मूल्य ग्राहक स्वेच्छेने अदा करतो. याला हरित वीज म्हणावे की हरित देणगी, असा प्रश्न पडतो. सौर विजेचा लिलावातील दर मे २०१७ मध्ये भडला येथे २ रुपये ४४ पैसे व डिसेंबर २०२० मध्ये गुजरातमध्ये १ रुपया ९९ पैसे इतका खाली आला होता, हे लक्षात घेता जादा आकारणीचे समर्थन अधिकच कठीण होते. वितरण कंपनीच्या सरासरीत जुने, महाग करारही येतात हे खरे. परंतु त्यांचा भार नव्या इच्छुकाने का उचलावा?

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात प्युजेट साउंड एनर्जी या कंपनीची 'ग्रीन डायरेक्ट' योजना तुलनेसाठी उपयुक्त आहे. तेथे मोठे ग्राहक व शासकीय संस्था १० ते २० वर्षांचा करार करतात. या करारांच्या आधारे स्कूकमचक येथील सुमारे १३७ मेगावॅटचा पवन प्रकल्प २०२० मध्ये कार्यान्वित झाला. ग्राहकाची सही आणि पवनचक्की यांचा संबंध तेथे थेट दाखविता येतो.

दारव्ह्यासारख्या कापूस पिकविणाऱ्या तालुक्यातील वाचकास हा वाद दूरचा वाटेल. तो तसा नाही. शेतीपंपाचा सवलतीचा दर काही अंशी मोठ्या ग्राहकांच्या चढ्या दरातून, म्हणजे क्रॉस सबसिडीतून, भागविला जातो. उद्योग स्वतःचा प्रकल्प उभारून कॅप्टिव्ह ग्राहक झाला की २००३ च्या विद्युत अधिनियमानुसार त्यास क्रॉस सबसिडी अधिभार लागत नाही. अतिरिक्त अधिभारही लागत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने महावितरण विरुद्ध जेएसडब्ल्यू स्टील या प्रकरणात १० डिसेंबर २०२१ रोजी दिला. हरित दराचा ग्राहक मात्र महावितरणकडेच राहतो व संपूर्ण दर भरतो. या धोरणाचा हा खरा गुण होय आणि तो नाकारता येणार नाही. परंतु ज्याच्याजवळ भांडवल आहे त्या उद्योगास जादा दर देऊन राहण्याचे कारण कोणते, याचे उत्तर धोरणात सापडत नाही.

विसंगती अशी की, शेतीसाठी हेच राज्य दीर्घ मुदतीचा विचार करू शकले. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे पथदर्शी प्रकल्प राळेगणसिद्धी आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथे हाती घेण्यात आले. २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात उपकेंद्राजवळच्या जमिनीस हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे ठरले. तेथे करार आहे, जमीन आहे, वाहिनी आहे. मोठ्या ग्राहकांसाठी किमान दहा वर्षांचा करार, नामनिर्देशित नवा प्रकल्प आणि बंधनपूर्तीतून वगळलेली वीज, एवढे तीन बदल आयोगाने केल्यास हरित दराची परीक्षा खऱ्या अर्थाने घेता येईल.