जागेवरचा नंबर, हिंडता आवाज

डाळिंबाच्या सौद्याच्या दिवशी सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीतल्या एखाद्या आडत दुकानात उभं राहिलं की टेलिफोनची खरी अडचण कळते. फोन आतल्या टेबलावर असतो आणि ज्याची चौकशी करायची तो माल बाहेर शेडमध्ये. पलीकडून शेतकरी विचारतो, “माझी पट्टी झाली का वो? भाव काय निघाला?” दिवाणजी म्हणतात, “धरा जरा आण्णा, बगून सांगतो.” फोन वायरचा असला की रिसीव्हर टेबलावर आडवा पडतो, दुकानातला पोरगा शेडकडे पळतो, क्रेटच्या थप्प्यांमधून त्या नावाचा माल शोधतो आणि धापा टाकत परत येतो. तोवर पलीकडचा ताटकळलेला असतो. त्याच वेळी कुणी तिसरा फोन लावत असला तर त्याला लाइन एंगेज मिळते.

या पळापळीवर कॉर्डलेस फोन हा तोडगा आहे. पण त्याच्याकडे आपण नुसती सोय म्हणून पाहतो. मला त्याच्याकडे एक रचना म्हणून पाहायचं आहे. हलवायचं काय आणि जागेवर ठेवायचं काय, याची त्यात केलेली वाटणी फार नेमकी आहे. माणूस हिंडतो, त्याच्याबरोबर आवाज हिंडतो, नंबर मात्र जागा सोडत नाही. या वाटणीतच त्या वस्तूचं सौंदर्य आहे, आणि तो संच खोक्यातून काढून बसवायला घेतला की ते एकेक पदराने उलगडत जातं.

पहिला पदर बेसचा, म्हणजे संचातल्या जागेवर राहणाऱ्या भागाचा. भिंतीवरच्या रोझेट नावाच्या छोट्या डबीतून निघालेली टेलिफोनची वायर बेसमध्ये जाते, अडॅप्टरची पिन दुसऱ्या भोकात बसते, आणि हा ठोकळा मग जागचा हलत नाही. म्हणून त्याची जागा विचार करून निवडावी लागते. पत्र्याच्या कपाटाला टेकून ठेवला तर लहरी अडतात. लोखंडी शटरच्या मागे, कोपऱ्यात, जमिनीलगत ठेवला तरी तीच गत. माणसं जिथे जिथे हिंडणार त्या सगळ्या टापूच्या मध्यावर, जरा उंचावर तो असावा. साधारणपणे बंद इमारतीत पन्नास मीटर आणि मोकळ्यावर तीनशे मीटरपर्यंत पोच सांगितली जाते, पण ती भिंतींवर आणि पत्र्यांवर ठरते. त्यामुळे बसवणाऱ्याला आधी आपली कचेरी पायांनी मोजावी लागते. टेबल कुठे, वजनकाटा कुठे, सौदा कुठे, माणूस उठून जातो कुठे, हे नीट पाहिल्याशिवाय हा फोन बसवता येत नाही.

दुसरा पदर थांबण्याचा. हँडसेटच्या, म्हणजे हातात घेऊन हिंडायच्या भागाच्या, पाठीमागचं झाकण सरकवून दोन बारीक सेल बसवायचे. ते पुन्हा पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचेच हवेत. घड्याळातले साधे सेल घालून चार्जिंगला ठेवणं धोक्याचं आहे. मग हँडसेट बेसच्या खाचेत ठेवायचा आणि वाट पाहायची. पॅनासॉनिकच्या संचांबरोबरचं माहितीपत्रक पहिल्या चार्जिंगला सुमारे सात तास द्यायला सांगतं. फोन आणला त्या दिवशीच सौदा असला तर हे सात तास जड जातात, पण ते टाळू नयेत. संध्याकाळी दुकान बंद करताना बसवावा, म्हणजे सकाळी तो कामाला तयार असतो.

तिसरा पदर मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तो आहे ओळख पटवण्याचा. खोक्यातून आलेल्या हँडसेटची बेसशी ओळख कारखान्यातच करून दिलेली असते. दुसरा हँडसेट जोडायचा तर ती आपल्याला करून द्यावी लागते. बहुतेक संचांत बेसवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, हँडसेटवर नोंदणीची आज्ञा द्यायची, आकडी खूण विचारली तर ती टाकायची. काही क्षणांत पडद्यावर कबुली येते. दिसायला एवढंच. पण आत घडतं ते थोर आहे. त्या वेळी दोघांच्यात एक गुप्त किल्ली ठरते. पुढे ओळख तपासायची वेळ आली की बेस एक वाटेल तो आकडा पाठवतो, हँडसेट आपल्या जवळच्या किल्लीने त्याच्यावर हिशेब करतो आणि फक्त उत्तर परत धाडतो. बेसचा हिशेब त्याच्याशी जुळला तर ओळख पटली. खुद्द किल्ली हवेतून कधीच जात नाही. बाजारात शेजारी शेजारी दहा दुकानं आणि दहा बेस असले, तरी एकाचा हँडसेट दुसऱ्याच्या लाइनवर जाऊन बसत नाही तो यामुळे.

ही काळजी सुरुवातीपासून नव्हती. आवाज वायरीशिवाय नेण्याची ओढ तर टेलिफोनइतकीच जुनी. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने १८७६ साली तारेतून बोलणं नेलं आणि चारच वर्षांनी, १८८० साली, चार्ल्स टेंटर या सहकाऱ्याबरोबर उजेडाच्या झोतावरून आवाज पाठवणारा फोटोफोन केला. स्वतः बेल त्याला आपला सगळ्यात मोठा शोध मानत असे. ढग, धुकं आणि अंतर यांच्यापुढे तो टिकला नाही. पुढे रेडिओलहरी हाताशी आल्या. अमेरिकेत जॉर्ज स्वायगर्ट यांना वायरीविना टेलिफोनचं पेटंट १९६९ साली मिळालं. पण घराघरांत आलेल्या पहिल्या पिढीच्या संचांत बोलणं उघड्यावर असे. जवळपास त्याच लहरीवर लावलेल्या रेडिओत शेजाऱ्यालाही ते ऐकता येई. डेक्ट नावाची डिजिटल पद्धत युरोपात १९९२ साली प्रमाण ठरली आणि आज दुकानात मिळणारे बहुतेक चांगले संच तिच्यावर चालतात. नुसता आवाज पोचवण्यावर न थांबता तो ज्याचा त्यालाच पोचावा, हे या पद्धतीने मनावर घेतलं.

डेक्टची रचना जवळून पाहिली तर थक्क व्हायला होतं. बोलणाऱ्याचा आवाज सेकंदाला शंभर तुकड्यांत कापला जातो. दर दहा मिलिसेकंदांचा एक फेरा, त्या फेऱ्यात चोवीस घरं. पहिली बारा बेसकडून हँडसेटकडे जाणाऱ्या आवाजाची, पुढची बारा हँडसेटकडून बेसकडे येणाऱ्या आवाजाची. एका संभाषणाला जाण्याचं एक आणि येण्याचं एक अशी दोन घरं मिळतात. आपल्या घरात बोलायचं आणि उरलेल्या वेळात बोलायचं नाही. धनगरी ओवीत मुख्य गाणारा ओळ सोडतो आणि झीलकरी ती उचलतो, दोघं कधी एकमेकांवर चढत नाहीत, तसं हे चाललेलं असतं, फक्त डोळ्याच्या पापणीलाही न गवसणाऱ्या वेगाने. ऐकणाऱ्याला वाटतं, दोघं एकाच वेळी अखंड बोलतायत. प्रत्यक्षात दोघांनी एकमेकांना क्षणाक्षणाला जागा करून दिलेली असते. कुठल्या लहरीवर गर्दी कमी आहे हे हँडसेट स्वतः चाचपत राहतो आणि गरज पडली तर बोलणं न तोडता घर बदलतो. चांगला संवाद कसा असावा याचा इतका चोख नमुना एका प्लॅस्टिकच्या डबीत भरून ठेवलाय, याचं मला अप्रूप वाटतं.

आता बटणांकडे येऊ. कचेरीत हिरवं-लाल बटण सगळ्यांना येतं, खरं कसब लागतं ते मधल्या बटणांना. होल्ड म्हणजे पलीकडच्याला सांगून थांबवणं. न सांगता दाबलं की तो अपमान होतो. म्यूट दाबून शेजाऱ्याला काही विचारावं, पण पैशाची गोष्ट बोलायची तर ते खरंच दाबलं गेलंय का हे पडद्यावर पाहून घ्यावं. रिडायलने शेवटचा नंबर पुन्हा लागतो. बेसवर एक बटण असं असतं की ते दाबलं की हँडसेट जिथे असेल तिथून वाजू लागतो. रोजकीर्दीखाली, क्रेटच्या मागे, कुणाच्या तरी पिशवीत, कुठेही असो. आणि सगळ्यांत उपयोगी ते इंटरकॉम. एक हँडसेट दिवाणजींच्या टेबलावर आणि दुसरा काट्याजवळ असला, की बाहेरची लाइन थांबवून आत बोलता येतं, “मालक, माडगुळ्याहून फोन हाय. कालच्या मालाची पट्टी विचारत्यात.” मालकाला कोण आहे, काय हवंय हे आधीच कळतं आणि मगच फोन त्याच्या कानाला लागतो. शेतकऱ्याला आपली कथा पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागत नाही. दिवसभर तीच कथा चार टेबलांवर सांगून दमलेल्या माणसाला या एका बटणाची किंमत विचारावी.

या सगळ्याचं वजन आटपाडीत वेगळं जाणवतं. निरोप पोचवण्याचं काम इथे शतकानुशतकं माणसाच्या पायांवर लादलेलं होतं. शंकरराव खरात याच आटपाडीचे, १९२१ सालचा जन्म. पुढे ते मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९८४ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. १९८१ साली आलेल्या त्यांच्या आत्मकथनाचं नाव ‘तराळ-अंतराळ’. तराळकी म्हणजे महारवाड्यातल्या घरांकडे पाळीने येणारी गावकामगारी. दवंडी द्यायची, सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचतं करायचं, कुणाच्या मौतीचा सांगावा न्यायचा, आणि हे सगळं ऊन, पाऊस, रात्र न बघता. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण ते काम जन्मानेच गळ्यात आलेलं होतं. वतनाचं ते जोखड कायद्याने उतरलं ते १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतनं नष्ट करणाऱ्या कायद्याने. त्या आत्मकथनाच्या गावात टेलिफोनकडे पाहताना मला तंत्राच्या आधी तो पळणारा माणूस दिसतो. तारेने त्याचं एका गावाहून दुसऱ्या गावाला धावणं थांबवलं. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने आपल्याकडच्या उन्हाधुळीत चालेल असं एकशे अठ्ठावीस लाइनींचं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं आणि १९८६ साली ते कर्नाटकातल्या कित्तूरला सुरू झालं. त्यानंतर अशी एक्स्चेंजं देशभरातल्या खेड्यांत गेली आणि निरोपासाठी तालुक्याला जाणंही सुटत गेलं. तरी कचेरीच्या आत एक धावणं उरलंच होतं. “फोन आलाय” म्हणत शेडकडे पळणारा दुकानातला पोरगा, तिसऱ्या खोलीतून साहेबांना बोलवायला जाणारा शिपाई. कॉर्डलेस फोनने ते धावणं मिटवलं. दुसऱ्याच्या निरोपासाठी कुणाला तरी पळावं लागू नये, या लांबलचक वाटेवरचा तो एक टप्पा आहे, आणि म्हणून मी त्याला किरकोळ समजत नाही.

कुणी म्हणेल, मग मोबाइल आहेच की, तो तर कुठेही हिंडतो. खरं आहे, पण मोबाइल माणसाचा असतो. माणूस रजेवर गेला, नोकरी सोडून गेला, की त्याच्या खिशातला नंबर त्याच्याबरोबर जातो. आटपाडी ज्यात येते तो माणदेश हा पावसाच्या छायेतला मुलूख. इथला माणूस पोटापाण्यासाठी फार लांब गेलेला आहे. आटपाडी-खानापूर भागातले गलाईवाले सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरलेत, केरळच्या सराफ पेठेपासून उत्तरेकडच्या गावांपर्यंत. मेंढपाळ वर्षातले कित्येक महिने कळप घेऊन बाहेर असतात. इतक्या लांबून गावाकडच्या कामासाठी फोन लावणाऱ्याला माहीत असतो तो एक नंबर, शून्य दोन तीन चार तीनने सुरू होणारा, वर्षानुवर्षं वहीत लिहून ठेवलेला. तो लावला की दुकान, सोसायटी, शाळा, दवाखाना बोलतो. आज उचलणारा कोण आहे यावर ते अवलंबून नसतं. कॉर्डलेस फोनने हा नंबर भिंतीला धरून ठेवला आणि उचलणाऱ्याला मात्र मोकळं केलं. मोबाइलने माणसाबरोबर नंबरही मोकळा सोडला. दोहोंची कामं निराळी आहेत.

या रचनेत एक कच्चा दुवा आहे आणि तो आपल्या भागात विसरून चालत नाही. साध्या वायरच्या फोनला तांब्याच्या लाइनमधूनच, एक्स्चेंजच्या बॅटरीवरून वीज मिळते. गावात अंधार असला तरी तो वाजतो. कॉर्डलेसच्या बेसला घरची वीज लागते. लाइट गेली की हँडसेट कितीही चार्ज असला तरी मुका. तांब्याची लाइन असेल तर त्याच लाइनवर एक जुना वायरचा संच जोडून ठेवावा. लाइन फायबरची असेल तर टेलिफोनला वीज देणारी पेटीही आपल्याच भिंतीवर असते, तेव्हा ती पेटी आणि बेस दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावीत. दोन-तीन वर्षांनी सेल थकतात, दिवसभर टिकत नाहीत. तेव्हा संच बिघडला म्हणून टाकून देऊ नये, तशाच जातीचे नवे सेल घालावेत.

हे सांभाळलं तर कचेरीच्या कारभारात त्याचं मोल मोठं आहे. जिला लोकांच्या मालाचा आणि पैशाचा जाब द्यायचा असतो त्या कचेरीचा नंबर कुणा एकाच्या खिशात असू नये. तो पाटीवर असावा, पावतीवर असावा, आणि मालक बदलला, दिवाणजी बदलले तरी तोच राहावा. त्याच वेळी उत्तर देणाऱ्याने उठून मालापाशी जावं, काट्यावरचा आकडा डोळ्यांनी पाहावा आणि मगच पलीकडच्याला सांगावं. जाब एका जागी आणि माणूस मालापाशी, या दोन्ही गोष्टी एकदम साधून देणारं दुसरं साधन कचेरीत अजून आलेलं नाही. म्हणून ज्या दुकानात, सोसायटीत, दवाखान्यात लोक विश्वासाने फोन लावतात, तिथे तो नीट बसवलेला, चार्ज केलेला आणि दोन घंट्यांत उचललेला असावा.