बर्फाची स्वप्ने आणि खानदेशचे ऊन

वैशाखात जळगाव-धुळ्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, दुपारी रस्ते ओस पडतात. अशा मुलखात बसून गोठलेल्या प्रदेशांतील स्वप्नवत कादंबऱ्या वाचणे हे आपल्या मातीपासून पळणे होय, असा आक्षेप आमच्या कानी येतो. देशीवादाचा पुरस्कार करणारे भालचंद्र नेमाडे याच जिल्ह्यातील सांगवीचे. तेव्हा हा आक्षेप हसून सोडून देण्याजोगा नाही.

नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ सालची. त्याच वर्षी नॉर्वेचे तार्याइ वेसोस यांची ‘बर्फाचा महाल’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. अकरा वर्षांच्या दोन मुली, सिस् आणि उन्, एका संध्याकाळी मैत्रिणी होतात. दुसऱ्याच दिवशी उन् शाळा चुकवून गोठलेला धबधबा पाहायला जाते, त्याच्या दालनांत वाट हरवते व तेथेच मरते. मागे राहिलेली सिस् हिवाळाभर अबोल होते. वसंतात तो महाल कोसळून नदीत वाहून जातो. येथे बर्फ हे दुःखाने घेतलेले रूप आहे. ‘कोसला’तील पांडुरंगही धाकट्या बहिणीच्या मृत्यूने असाच आतून थिजतो, त्यासाठी त्याला बर्फ लागत नाही. शिवाय वेसोस शेतकरी घरातले आणि त्यांनी लिहिले ते ग्रामीण बोलींवर उभ्या राहिलेल्या नॉर्वेजियन भाषारूपात. बर्फ ही त्यांची माती होती. देशी म्हणतात ते याहून वेगळे काय?

अ‍ॅना कावन या इंग्रज लेखिकेची ‘बर्फ’ (१९६७) मात्र निराळी. तीत बर्फाच्या भिंती जग गिळत पुढे सरकतात आणि निनावी निवेदक एका रुपेरी केसांच्या मुलीचा पाठलाग करीत राहतो. स्वप्न व जाग यांची सीमा पुसण्यात ही कादंबरी विलक्षण यशस्वी होते; पण ती मुलगी शेवटपर्यंत छळाची खूण राहते, माणूस होत नाही, आणि पाठलागाच्या पुनरावृत्तीने वाचक थकतो. हीच लेखिका तरुणपणी ब्रह्मदेशाच्या उष्म्यात राहिलेली होती. ‘तू कोण आहेस?’ (१९६३) या तिच्या कादंबरीत उष्ण प्रदेशातील एक पक्षी अखंड तोच प्रश्न विचारतो. तो आपला पावशा. आपल्या शेतकऱ्याला मात्र त्याच्या ओरडण्यात ‘पेरते व्हा’ ऐकू येते.

या कादंबऱ्यांची ओढ गारव्यासाठी नसते, असे आम्हांस वाटते. रणरणते ऊन आणि कडाक्याची थंडी दोन्ही माणसाला घरात कोंडतात, काळ थांबवतात, दूरचे दृश्य खोटे करतात. मृगजळ पाहत वाढलेल्या वाचकाला बर्फाचे मायाजाल परके कसे वाटावे? म्हणून प्रदेश कोणता हे विचारू नये. त्या धूसरतेआड खरे दुःख आहे की नुसतेच धुके, हे विचारावे. वेसोस या कसोटीला पूर्ण उतरतात, कावन अर्ध्याच. आणि आमच्या मते अशी कादंबरी मिटल्यावर वाचक आपल्याच ओसरीवर, आपल्याच न बोललेल्या दुःखापाशी परततो. याला पळणे कसे म्हणावे?